वर्गाच्या गूगल शीटमध्ये बेरीज शून्य, सरासरी चुकीची: बिघाड कुठे शोधायचा

लक्षण नेहमीचंच. मुलांनी आपापले आकडे भरले, खाली बेरजेचा फॉर्म्युला लावला आणि उत्तर आलं शून्य. कधी सरासरी चौदाशे येते. आणि कधी उत्तर अगदी पटण्यासारखं येतं, फळ्यावर लिहिलं जातं, त्यावर चर्चाही होते, पण ते चुकीचं असतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही.

अशा वेळी बहुतेक शिक्षक फॉर्म्युला पुन्हा पुन्हा तपासतात आणि तास संपतो. फॉर्म्युला सहसा बरोबर असतो. गडबड त्याच्या वर असते, मुलांनी भरलेल्या सेलमध्ये. तिथे दिसतं एक आणि असतं दुसरंच.

एक खुलासा आधीच. खाली फंक्शनची नावं, सेलचे पत्ते आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचे.

नमुना: दप्तराचं वजन

स्प्रेडशीट शिकवायला हा विषय फार चांगला आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार पहिली ते दहावीच्या मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. मुलांना प्रश्न आपला वाटतो, मोजमाप वर्गातच होतं आणि गणित शेकडेवारीच्या पलीकडे जात नाही. ए कॉलममध्ये क्रमांक, बी मध्ये मुलाचं वजन, सी मध्ये दप्तराचं वजन, डी मध्ये टक्केवारी. पहिली ओळ शीर्षकाची. समजा, सहा नोंदी अशा आल्या:

क्र. १: वजन ३८, दप्तर ४.२
क्र. २: वजन ४१, दप्तर ३.९
क्र. ३: वजन ३६, दप्तर ४.१ (दोन्ही आकडे मराठी कीबोर्डवरून, देवनागरीत)
क्र. ४: वजन ३५, दप्तर ‘३.८ किलो’
क्र. ५: वजन ४०, दप्तर ४२००
क्र. ६: वजन ३३, दप्तर रिकामं (त्या दिवशी मोजायचं राहिलं)

सी कॉलमची सरासरी काढली की उत्तर येतं १४०२.७. पाचव्या मुलाने ग्रॅममध्ये लिहिलंय हे लगेच कळतं. ४२०० च्या जागी ४.२ केलं की सरासरी होते ४.१ किलो. आता सगळे खूश, कारण ४.१ हा आकडा दप्तराला शोभतो. पण ही सरासरी तीनच मुलांची आहे. तिसरी नोंद देवनागरी आकड्यांत आहे आणि चौथीला ‘किलो’ चिकटलंय. शीटच्या लेखी दोन्ही मजकूर आहेत आणि अ‍ॅव्हरेज फंक्शन मजकूर निमूटपणे वगळतं. तक्रार नाही, लाल खूण नाही. पाचही मुलांची खरी सरासरी आहे ४.०४.

सम हे फंक्शनही असंच वागतं. सगळा कॉलम मजकूर असेल तर बेरीज शून्य, काही सेल मजकूर असतील तर बेरीज कमी. शून्य आलं तर नशीब समजा, निदान शंका तरी येते.

भागाकाराचं तसं नाही. डी४ मध्ये =सी४/बी४ लिहिलं की ‘#व्हॅल्यू!’ असा एरर येतो, कारण भागाकाराला मजकूर चालत नाही. त्या सेलवर माउस नेला की छोट्या चौकटीत कारण दिसतं, आणि नेमका कोणता मजकूर अडला तोही अवतरणात दिसतो. मुलांना ती चौकट वाचायची सवय लावा. एरर दिसला की सेल पुसून टाकणं ही त्यांची पहिली प्रतिक्रिया असते.

दोन मिनिटांची तपासणी

कोणताही हिशेब करण्याआधी शीटच्या कडेला दोन फॉर्म्युले लावा: =काउंट(सी२:सी७) आणि =काउंटए(सी२:सी७). पहिला फक्त संख्या मोजतो, दुसरा रिकामे नसलेले सगळे सेल मोजतो. वरच्या नमुन्यात पहिल्याचं उत्तर ३ येतं, दुसऱ्याचं ५. फरक दोनचा, म्हणजे दोन सेलमध्ये संख्येच्या वेषात मजकूर बसलाय. मूळ मुलं सहा, म्हणजे एक नोंद आलेलीच नाही. एवढ्यात सगळं कळतं.

नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं: संख्या सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. मात्र कोणी ‘छान दिसावं’ म्हणून सगळा कॉलम मध्यभागी आणला असेल तर ही खूण गेली. वर्गाच्या शीटमध्ये आकड्यांच्या कॉलमला हाताने अलाइनमेंट देऊ नका, हे एवढ्यासाठीच. शंका असेल तर शेजारी =इजनंबर(सी४) लिहा, ट्रू की फॉल्स ते समजेल.

त्याहून चांगला उपाय कायमचा लावून ठेवता येतो. बी आणि सी कॉलममधल्या नोंदींची जागा निवडा, फॉरमॅट मेन्यूत कंडिशनल फॉरमॅटिंग उघडा, अटींच्या यादीत अगदी खाली ‘कस्टम फॉर्म्युला इज’ आहे तो घ्या आणि =इजटेक्स्ट(बी२) लिहून लाल रंग द्या. आता कोणी ‘३.८ किलो’ लिहिलं की सेल तिथल्या तिथे लाल होतो. मुलं स्वतःच दुरुस्त करतात, शिक्षकाला सांगावं लागत नाही. निवड बी२ पासून सुरू झाली असेल तरच फॉर्म्युल्यात बी२ लिहायचं. निवड बी१ पासून आणि फॉर्म्युला बी२ चा, असं झालं तर रंग एक ओळ वर सरकतो.

दुरुस्ती

देवनागरी आकडे: कॉलम निवडून कंट्रोल+एच दाबा, फाइंड अँड रिप्लेसची चौकट येईल. शोध त्या निवडलेल्या रेंजपुरताच ठेवा, नाहीतर शीर्षकातले ‘इयत्ता ८ वी’चे आकडेही बदलतील. दहा अंकांसाठी दहा वेळा करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण फॉर्म्युल्यात दहा सब्स्टिट्यूट एकात एक घालण्यापेक्षा सोपं. मूळ कारण फोनचा कीबोर्ड: नाव मराठीत लिहून झाल्यावर कीबोर्ड न बदलताच आकडे टाकले जातात. म्हणून ज्या शीटमध्ये नावं लागतात तिथे नावांचा कॉलम शिक्षकाने आधीच भरून ठेवावा आणि मुलांना फक्त आकडे टाकायला सांगावं. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवला की विषय संपला.

‘किलो’, ‘कि.ग्रॅ.’, ‘केजी’: हेही फाइंड अँड रिप्लेसने जातं. शोधताना शब्दाआधीची मोकळी जागाही धरा आणि रिप्लेसची चौकट रिकामी ठेवा. एकक शीर्षकात लिहायचं असतं, ‘दप्तराचं वजन (किलो)’ असं, आणि सेलमध्ये निव्वळ संख्या.

प्लेन टेक्स्ट: कधी कधी आकडे इंग्रजी असतात, सोबत शब्दही नसतो, तरी बेरीज शून्य. अशा वेळी कॉलम निवडून फॉरमॅट, मग नंबर उघडा. ‘प्लेन टेक्स्ट’वर खूण असेल तर ‘ऑटोमॅटिक’ करा. तरीही आकडे डावीकडेच राहिले तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये =व्हॅल्यू(सी२) लावून खाली ओढा, तो कॉलम कॉपी करा आणि मूळ जागी कंट्रोल+शिफ्ट+व्ही ने पेस्ट करा. त्याने फॉर्म्युला येत नाही, फक्त किमती येतात. या प्रकारात एक गंमत आहे, मुलांना जरूर दाखवा: =सम(सी२:सी३) शून्य देतं, पण =सी२+सी३ बरोबर उत्तर देतं. अधिकचं चिन्ह मजकुरातून संख्या काढून बघतं, सम तसा प्रयत्न करत नाही.

अदृश्य मोकळी जागा: वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या तक्त्यात हे हमखास असतं. डेटा मेन्यूतल्या डेटा क्लीनअपमध्ये ‘ट्रिम व्हाइटस्पेस’ आहे, त्याने साध्या जागा जातात. वेबवरची न तुटणारी जागा मात्र त्याने जात नाही. तीच जागा सेलमधून कॉपी करून फाइंडच्या चौकटीत चिकटवा आणि रिकाम्याने बदला.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे

सहाव्या मुलाकडे परत येऊ. बी आणि सी कॉलम दुरुस्त झाले, आता डी२ मध्ये =सी२/बी२ लिहून डी७ पर्यंत ओढलं आणि टक्क्यांचं फॉरमॅट दिलं. उत्तरं येतात: ११.०५, ९.५१, ११.३९, १०.८६, १०.५० आणि सहाव्या नोंदीपुढे ०.०० टक्के. रिकामा सेल भागाकारात शून्य धरला जातो.

आता डी कॉलमची सरासरी काढा: ८.८९ टक्के. म्हणजे वर्ग नियमात बसतो, सगळं आलबेल! पण न मोजलेलं दप्तर वगळलं तर सरासरी १०.६६ टक्के येते, आणि मोजलेल्या पाचपैकी चार दप्तरं मर्यादेबाहेर आहेत. एका रिकाम्या सेलने निष्कर्ष उलटा केला. या तासातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच. ती फॉर्म्युला शिकवण्याच्या घाईत घालवू नका. आधी ८.८९ येऊ द्या, मुलांना आनंद होऊ द्या, मग सहाव्या नोंदीकडे बोट दाखवा.

उपाय: डी२ मध्ये =इफ(सी२="","",सी२/बी२). सी रिकामा असेल तर डी रिकामा दिसतो आणि अ‍ॅव्हरेज त्याला मोजत नाही. गैरहजर मुलासाठी शून्य लिहायचं नाही, हे गुणांच्या तक्त्यालाही लागू. ‘गैरहजर’ असा शब्द लिहिला तर अ‍ॅव्हरेज तो वगळतं, तेही चालतं. अ‍ॅव्हरेजए हे वेगळं फंक्शन मात्र शब्दाला शून्य धरून मोजतं. नाव सुचवणाऱ्या यादीत दोन्ही एकाखाली एक येतात, बोट चुकतं.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी बिघडतात. एक: फॉर्म्युल्यात १०० ने गुणायचं आणि वर टक्क्यांचं फॉरमॅटही द्यायचं, मग ११०५ टक्के दिसतात. दोहोंतलं एकच करा, शक्यतो फॉरमॅट. दोन: ‘किती मुलं १० टक्क्यांच्या वर’ हे काउंटइफने मोजताना अट ">१०" लिहिली जाते आणि उत्तर शून्य येतं. सेलमध्ये दिसतं ११.०५ टक्के, असतं ०.११०५. अट ">०.१" अशी हवी. मग उत्तर ४ येतं.

हुशार मूल विचारतं, की सगळ्या दप्तरांची बेरीज भागिले सगळ्या वजनांची बेरीज असं केलं तर? करून बघा. पाच मुलांसाठी २०.२ भागिले १९०, म्हणजे १०.६३ टक्के. टक्केवाऱ्यांची सरासरी १०.६६. फरक थोडा आहे, पण आहे, आणि तो का आहे यावर स्वतंत्र तास होऊ शकतो. सहाव्या मुलाचं वजन छेदात राहिलं तर २०.२ भागिले २२३, म्हणजे ९.०६. पुन्हा नियमात!

मोजमापाबद्दलही बोला. घरगुती वजनकाट्यावर दप्तरासह आणि दप्तराशिवाय उभं राहून वजाबाकी केली आणि प्रत्येक वाचनात १०० ग्रॅमची चूक धरली, तर दप्तराच्या वजनात २०० ग्रॅमपर्यंत फरक पडू शकतो. ३८ किलोच्या मुलासाठी तो अर्ध्या टक्क्याहून जास्त होतो. म्हणून १०.५० टक्के आलेल्या मुलाचं दप्तर नक्की जड आहे असं शीटच्या भरवशावर म्हणता येत नाही. टांगून मोजायचा लगेजचा काटा वापरला तर एकाच वाचनात काम होतं.

आणि वजन ही सगळ्यांसमोर मांडायची गोष्ट नव्हे. आठवीच्या वर्गात तर नाहीच. हजेरी क्रमांकाऐवजी चिठ्ठीतून निघालेला क्रमांक द्या, नावाचा कॉलम या शीटमध्ये ठेवूच नका.

गुणांच्या जागी तारीख

चाचणीचे गुण मुलं वहीत लिहितात तसे शीटमध्ये लिहितात: ८/१०. शीटला ती तारीख वाटते. सेलमध्ये ८/१० च दिसत राहतं, म्हणून कळत नाही, पण आत तारखेचा क्रमांक बसलेला असतो. तारखा ३० डिसेंबर १८९९ पासून मोजल्या जातात. ८ ऑक्टोबर २०२४ चा क्रमांक ४५५७३. चार मुलांच्या गुणांची बेरीज पावणेदोन लाखांच्या पुढे गेली तर हेच झालंय. ‘६-८ वयोगट’ मधलं नुसतं ६-८ लिहिलं तरी तेच. फॉरमॅट बदलून मूळ गुण परत मिळत नाहीत, पुन्हा टाइप करावे लागतात. मिळालेले गुण एका कॉलममध्ये, पैकी किती ते एकदाच वर एका सेलमध्ये.

तो वरचा सेल समजा एच१. टक्केवारी =सी२/एच१ अशी लिहून खाली ओढली की दुसऱ्या नोंदीपासून ‘#डिव्ह/०!’ येतो, कारण ओढताना एच१ चा एच२, एच३ होत जातो आणि तिथे काहीच नाही. एच आणि १ यांच्या मध्ये डॉलरचं चिन्ह हवं: =सी२/एच$१. फॉर्म्युला लिहिताना कर्सर एच१ वर ठेवून एफ४ दाबलं तरी डॉलर येतो.

खऱ्या तारखांचा घोळ वेगळा. जन्मतारखांचा कॉलम अर्धा उजवीकडे, अर्धा डावीकडे चिकटलेला दिसला तर फाइलचं लोकेल, म्हणजे देशानुसार ठरणारी लिहिण्याची पद्धत, अमेरिकेची आहे. तिथे महिना आधी. २५/६/२०१२ मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती नोंद मजकूर होते. निदान ती दिसते तरी. ५/६/२०१२ मात्र ५ जूनची ६ मे होऊन गुपचूप बसते. फाइल मेन्यूत सेटिंग्ज, तिथे लोकेल ‘इंडिया’ करा, पण नोंदी सुरू होण्याआधी. नंतर बदललं तर दिसण्याची पद्धत बदलते, उलटलेल्या तारखा सुलट होत नाहीत. अशा वेळी एकेक दुरुस्त करत बसू नका. कॉलम रिकामा करून मूळ रजिस्टरवरून पुन्हा भरा.

इथे मजकूरच हवा

वर इतका वेळ मजकुराची संख्या करत होतो. उलटही लागतं. सरल या राज्याच्या शालेय नोंदींच्या प्रणालीतला विद्यार्थी आयडी १९ अंकी असतो आणि शीट संख्येचे पहिले १५ अंकच अचूक जपते. पुढचे अंक शून्य झालेले दिसतात, किंवा सगळाच आकडा ‘ई+१८’ अशा रूपात येतो. गेलेले अंक परत येत नाहीत. आयडी टाकण्याआधी कॉलमला प्लेन टेक्स्ट द्या. सुरुवातीला शून्य असलेले क्रमांकही त्यामुळे टिकतात. ज्याची बेरीज कधी करायची नाही ते मजकूर म्हणून ठेवावं. आणि आधार क्रमांक वर्गाच्या सामायिक शीटमध्ये कोणत्याच रूपात नको.

नाव तेच, पण जुळत नाही

दोन चाचण्यांच्या शीट व्हीलुकअपने (एका तक्त्यातलं नाव दुसऱ्यात शोधून त्यापुढची किंमत आणणारं फंक्शन) जोडल्या आणि काही मुलांपुढे ‘#एन/ए’ आला, तर आधी मोकळी जागा तपासा. ती नसेल तर मराठीचं खास दुखणं आहे. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, काही साधा र, हलंत आणि त्यामागे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, शीटला वेगळे. =लेन(ए२) लावून बघा. ‘कऱ्हाडे’ची लांबी एका पद्धतीत ७ येते, दुसऱ्या पद्धतीत ८. ‘अ‍ॅ’चंही तसंच: एकसंध लिहिला तर लांबी १, अ आणि अर्धचंद्र जोडून लिहिला तर जोडचिन्हासकट ३.

यावर फॉर्म्युल्याने इलाज करत बसण्यापेक्षा नावावर जुळवणी करूच नये. हजेरी क्रमांकावर करा. दोन्ही शीटमध्ये तो एकाच प्रकारचा हवा, एकीकडे संख्या आणि दुसरीकडे मजकूर असेल तर पुन्हा ‘#एन/ए’.

शाळेच्या जुन्या फाइलमधली नावं चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर मूळ फाइल श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. शीटमध्ये फॉन्ट बदलून काही होत नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

सगळे एकाच वेळी

एकाच फाइलमध्ये एका वेळी शंभर जणांपर्यंत काम करता येतं, म्हणजे वर्गाला जागा पुरते. बिघाड गर्दीचा नसतो.

पहिला बिघाड अगदी साधा आहे. शीर्षक पहिल्या ओळीत असल्यामुळे १७ क्रमांकाची नोंद १८ व्या ओळीत असते. १७ क्रमांकाचं मूल डाव्या कडेचा १७ बघून तिथे भरतं आणि सोळाव्याची नोंद पुसली जाते. ए कॉलममध्ये क्रमांक आधीच ठळक भरून ठेवा, फॉरमॅट मेन्यूतून आल्टरनेटिंग कलर्स द्या, आणि व्ह्यू मेन्यूत फ्रीझ वापरून पहिली ओळ आणि पहिला कॉलम गोठवा.

दुसरा सॉर्टिंगचा. कोणीतरी फक्त दप्तराचा कॉलम निवडून ‘सॉर्ट रेंज’ करतं आणि वजनं दुसऱ्याच मुलांच्या नावावर जातात. एरर येत नाही, काहीच येत नाही. ज्याला क्रमाने बघायचं आहे त्याने डेटा मेन्यूतून फिल्टर व्ह्यू उघडावा, त्यातला क्रम फक्त त्याच्यापुरता बदलतो. साधा फिल्टर लावला तर सगळ्यांच्या पडद्यावरच्या ओळी गायब होतात आणि ‘सर, माझं नाव गेलं’ सुरू होतं. शीर्षकात किंवा मधे मर्ज केलेले सेल ठेवू नका, सॉर्टिंग तिथे अडतं.

तिसरा: फॉर्म्युल्यावरच कोणीतरी आकडा टाइप करतं. डेटा मेन्यूत ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ आहे. पूर्ण शीट संरक्षित करून ‘एक्सेप्ट सर्टन सेल्स’ मध्ये फक्त बी२:सी३७ मोकळं ठेवा, ३६ मुलांना तेवढं पुरतं. मुलं खात्याने लॉगिन न करता नुसत्या लिंकवरून आली असतील तर कोणी काय केलं ते नावानिशी कळत नाही. तरी कुलूप काम करतं. शिक्षकाच्या स्वतःच्या खात्याला मात्र ते लागू नसतं. प्रयोगशाळेतल्या संगणकावर शिक्षकाचं खातं उघडं ठेवून मुलांना बसवलं, की सगळं संरक्षण गेलं.

सोबत डेटा व्हॅलिडेशन लावा: सी कॉलमसाठी ०.५ ते १५ मधली संख्या आणि ‘रिजेक्ट द इनपुट’. ४२०० आणि ‘३.८ किलो’ दोन्ही दारातच अडतील. चिकटवलेला मजकूर मात्र या अटीला चुकवतो, म्हणून लाल रंगाची युक्ती काढून टाकू नका.

नोंदी नको, सराव हवा असेल तर एकच शीट वाटूच नये. लिंकच्या शेवटी ‘एडिट’ असतं, ते आणि त्यापुढचं सगळं काढून ‘कॉपी’ लिहा. उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत करायचा प्रश्न येतो. गूगल क्लासरूम असेल तर फाइल जोडताना ‘मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट’ निवडा. सरावासाठी वरचा सहा ओळींचा बिघडलेला तक्ता तसाच द्या आणि दुरुस्तीआधी एकच अट घाला: एंटर दाबण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावं ते वहीत लिहायचं. ज्याने ‘चारच्या आसपास’ लिहिलंय तो १४०२.७ वर थांबतो. ४.१ वर थांबण्यासाठी काउंट लागतो.

आलेख रिकामा किंवा विचित्र

स्तंभ दिसत नसतील तर कॉलममध्ये मजकूर आहे, वरची तपासणी करा. प्रत्येक मुलापुढे दोन स्तंभ येत असतील आणि एक चढत जात असेल, तर शीटने ए कॉलममधल्या क्रमांकालाही मोजमाप समजलंय. चार्ट एडिटरच्या सेटअपमध्ये ‘यूज कॉलम ए अ‍ॅज लेबल्स’वर खूण करा. १० टक्क्यांची आडवी रेघ हवी असेल तर ई कॉलममध्ये सगळीकडे ०.१ भरून कॉम्बो चार्ट घ्या, डी चे स्तंभ आणि ई ची रेघ.

पुसलं गेलं तर

कंट्रोल+झेड फक्त स्वतःचा बदल मागे घेतो, दुसऱ्याने पुसलेलं आणत नाही. एकच सेल गेला असेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ बघा, जुनी किंमत तिथे सापडते, हाताने परत टाका. पूर्ण आवृत्ती मागे नेण्याची घाई करू नका, त्या वेळेनंतर बाकीच्या पस्तीस जणांनी भरलेलंही त्यात जातं. म्हणून तास सुरू करण्याआधी फाइल मेन्यूतल्या व्हर्जन हिस्टरीत जाऊन ‘नेम करंट व्हर्जन’ने नाव द्या, ‘८ अ, कोरी’. नोंदी संपल्या की पुन्हा, ‘८ अ, नोंदी पूर्ण’. मगच फॉर्म्युले, सॉर्टिंग आणि आलेख. घंटा झाल्यावर शेअरमध्ये जाऊन लिंकवाल्यांचा हक्क एडिटरवरून व्ह्यूअर करा, नाहीतर संध्याकाळी घरून कोणाचं तरी दप्तर दोनशे किलोचं होतं.